हिशेबी आणि कॅल्क्युलेटिंग : प्रेरणा व हेतूंची इंग्रजी विशेषणे शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचे परीक्षण

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी तयार केलेल्या एका मोबाइल अ‍ॅपमधला एक विभाग मी गेले तीन महिने नेमाने वापरला. माणूस कशाच्या ओढीने काम करतो आणि ते करताना त्याच्या मनात काय असते, हे सांगणारी विशेषणे या विभागात एकत्र केलेली आहेत. प्रत्येक विशेषणाचे एक कार्ड आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि त्याचा उच्चार ऐकण्याची सोय आहे, तर मागच्या बाजूला इंग्रजी व्याख्या, मराठी अर्थ, एक उदाहरणवाक्य आणि समानार्थी शब्द दिलेले आहेत. कार्डाच्या कडेला एक रंगीत पट्टी असून शब्द स्तुतीचा असेल तर ती हिरवी, निंदेचा असेल तर तांबडी आणि तटस्थ असेल तर करडी दिसते. ठरावीक कार्डे झाली की रिकाम्या जागा भरण्याची चाचणी होते. अ‍ॅपचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका कंपनीच्या मालापुरते मर्यादित नाही.

हा विभाग घेण्यामागे माझी व्यावसायिक गरज होती. मी शिफारसपत्रे, अर्ज आणि कामाच्या मूल्यमापनाचे अहवाल मराठीतून इंग्रजीत नेतो. अशा मजकुरात घटना थोड्या आणि विशेषणे फार असतात, आणि एखाद्या विशेषणावर वाचणाऱ्याचे मत फिरते. काही वर्षांपूर्वी एका शिफारसपत्रात मूळ लेखकाने आपल्या सहकाऱ्याला कौतुकाने ‘हिशेबी’ म्हटले होते. खर्चाचा अंदाज घेऊन, पुढचे पाहून पाऊल टाकणारा माणूस, असा त्याचा भाव होता. मी त्या जागी ‘कॅल्क्युलेटिंग’ लिहिले. पत्र रवाना होण्याआधी एका ज्येष्ठ अनुवादकाच्या नजरेस ते पडले म्हणून निभावले, नाहीतर हा माणूस लोकांचा वापर करून घेतो, त्याच्या प्रत्येक हालचालीमागे डाव असतो, असे त्या पत्राने परक्या वाचकाला सांगितले असते. तेथे ‘प्रूडंट’ हवे होते. या अ‍ॅपमधले ‘कॅल्क्युलेटिंग’चे कार्ड उघडले तेव्हा मागे मराठी अर्थ दिसला, ‘हिशेबी’. पट्टी मात्र तांबडी होती. हे एकच कार्ड या विभागाचे गुण आणि दोष दोन्ही दाखवते : पट्टी बरोबर सांगते, मराठी अर्थ चुकवतो, आणि या दोघांत विसंगती आहे हे कोणाच्या लक्षात आलेले नाही.

रंगीत पट्टी हा या विभागाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रेरणेची विशेषणे ही केवळ वर्णने नसतात, ते निवाडे असतात. एकाच वागण्याला बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे त्याप्रमाणे शब्द बदलतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या रेडिओ कार्यक्रमात हे तीन पुरुषांतल्या क्रियापदासारखे चालवून दाखवले होते : स्वतःविषयी बोलताना माणूस ‘फर्म’ असतो, समोरचा ‘ऑब्स्टिनेट’ होतो आणि गैरहजर असलेला तिसरा थेट ‘पिगहेडेड’ मूर्ख ठरतो. मी ठाम, तू हट्टी, तो आडमुठा, असे मराठीतही सहज म्हणता येते. शब्दकोशात हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसतात, आणि नेमके तेथेच शिकणारा फसतो. पट्टीचा रंग पाहून शब्द निवडण्याची सवय लागली तर निम्म्या चुका तेथेच टळतात.

परंतु पट्टीला एकच रंग आहे आणि शब्दांना तो अनेकदा पुरत नाही. ‘अ‍ॅम्बिशस’चे कार्ड हिरवे आहे. मराठी ‘महत्त्वाकांक्षी’ हा बहुतांशी गौरवाचा शब्द असल्याने मराठीभाषक शिकणाऱ्याला यात वावगे वाटत नाही. मात्र लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ मते मागण्यासाठी चहूकडे फिरण्यात आहे, आणि रोममध्ये त्याच मुळापासून निघालेले ‘अँबिटस’ हे निवडणुकीतल्या भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याचे नाव होते. तो जुना संशय इंग्रजी शब्दाला आजही पुरता सोडून गेलेला नाही. माणसाविषयी बोलताना स्वर आणि संदर्भ यांवरून तो स्तुतीकडे किंवा टोमण्याकडे झुकतो. योजनेविषयी बोलताना तर त्याचा तिसराच उपयोग होतो : परीक्षकाने तुमच्या आराखड्याला ‘अ‍ॅम्बिशस’ म्हटले तर त्यात कौतुकाइतकीच ‘हे एवढ्या वेळात होणार नाही’ अशी सभ्य सूचना असू शकते. कार्डावर यातले काहीच नाही. एक उदाहरणवाक्य देण्याऐवजी एक माणसाविषयी आणि एक योजनेविषयी, अशी दोन वाक्ये दिली असती तरी काम झाले असते.

‘मोटिव्हेटेड’ या शब्दाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण त्याचा रंग त्याच्या आधी येणारे क्रियाविशेषण ठरवते. ‘हायली मोटिव्हेटेड’ विद्यार्थी म्हणजे मनापासून शिकू पाहणारा विद्यार्थी, येथे शब्द स्वभाव सांगतो. ‘पोलिटिकली मोटिव्हेटेड’ खटला म्हटले की शब्द स्वभावाकडून कारणाकडे वळतो आणि त्यात आरोप येतो, कारण खटल्यामागे न्याय नसून राजकारण आहे असे बोलणाऱ्याला म्हणायचे असते. ‘रेशियली मोटिव्हेटेड’ हल्ला म्हणजे वंशद्वेषातून झालेला हल्ला. मराठीत या तिन्ही ठिकाणी ‘प्रेरित’ वापरता येत नाही, वापरले तर वाक्य भाषांतराच्या वासाचे होते. आपण पहिल्यासाठी ‘जिद्दीने शिकणारा’ म्हणू, दुसऱ्यासाठी ‘राजकीय हेतूने भरलेला’ आणि तिसऱ्यासाठी ‘वंशद्वेषातून केलेला’. अ‍ॅपने मात्र तिन्हींचा मिळून ‘प्रेरित’ हा एकच अर्थ देऊन विषय संपवला आहे.

येथे दोन भाषांच्या घडणीतला एक फरक लक्षात घ्यावा लागतो, आणि तो लक्षात न घेता केलेले कोणतेही साधन मराठीभाषक शिकणाऱ्याला अर्धेच उपयोगी पडते. इंग्रजी हेतू विशेषणात भरते, तर मराठी तो बहुधा तृतीयेत किंवा ‘पोटी’, ‘पायी’ अशा शब्दयोगी अव्ययांत ठेवते. आपण सूडबुद्धीने, आकसापोटी, कळकळीने, तळमळीने, ईर्ष्येने, लोभापायी काहीतरी करतो. ‘सूडबुद्धीने केलेली तक्रार’ हे आपल्या तोंडी सहज येते, ‘सूडखोर तक्रार’ येत नाही. इंग्रजीत मात्र ‘व्हिंडिक्टिव्ह’ हे विशेषण माणसालाही लागते आणि त्याच्या कृतीलाही. म्हणून मराठी माणूस इंग्रजी लिहिताना ‘विथ द फीलिंग ऑफ’ अशी लांबण लावतो आणि जवळच असलेले नेटके विशेषण त्याला सुचत नाही. कार्डाच्या मागे एका मराठी शब्दाऐवजी मराठी माणूस ही गोष्ट ज्या वाक्यात बोलतो ते वाक्य द्यायला हवे होते. तसे केले असते तर हा विभाग खरोखर मराठीभाषक शिकणाऱ्यांसाठी झाला असता.

मराठी अर्थांबद्दलची माझी सर्वांत गंभीर तक्रार ‘स्टबर्न’च्या कार्डाविषयी आहे. त्याचा अर्थ ‘जिद्दी’ असा दिला आहे. हिंदीत ‘जिद्दी’ म्हणजे कोणाचे न ऐकणारा, हट्टाला पेटलेला. मराठीत ‘जिद्द’ ही शाबासकीची गोष्ट आहे, जिद्दीने शिकलेल्या मुलीचे आपण उदाहरण देतो. अर्थ हिंदीवरून उचलून मराठीत ठेवल्याशिवाय ही चूक होणे अवघड आहे. ‘स्टबर्न’ म्हणजे हट्टी किंवा हेकट, आणि ‘जिद्दी’साठी ‘डिटर्मिन्ड’, ‘टिनेशस’ किंवा ‘डॉगिड’ हे शब्द आहेत. या कार्डावर विसंबून एखाद्याने स्वतःच्या अर्जात ‘आय अ‍ॅम अ स्टबर्न पर्सन’ असे अभिमानाने लिहिले तर दोष त्याचा नसेल.

‘ऑब्सेस्ड’च्या कार्डावर दिलेला ‘ध्येयवेडा’ हा अर्थही असाच दिशाभूल करणारा आहे. आपल्याकडे वेड हे ध्येयाला जोडले की त्याचा गुण होतो, आणि एखाद्या विषयाने ‘झपाटलेला’ संशोधक म्हणणे हाही आदरच असतो. ‘ऑब्सेस्ड’च्या मुळाशी वेढा घालून बसणे ही कल्पना आहे, आणि मित्रांच्या गप्पांत हा शब्द हलकेच वापरला जात असला तरी औपचारिक पत्रात तो मनाचा ताबा सुटल्याचेच सुचवतो. ध्येयवेड्या माणसासाठी ‘डेडिकेटेड’ किंवा ‘सिंगल-माइंडेड’ अधिक जवळचे आहेत, त्यातही दुसऱ्या शब्दात ‘बाकी कशाकडे लक्ष न देणारा’ अशी किंचित छटा उरतेच. जाता जाता सांगायचे तर ‘एन्थुझिअ‍ॅस्टिक’ या साध्या, हसऱ्या शब्दाचे ग्रीक मूळ ‘अंगात देव आलेला’ असे आहे, आणि सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये धर्माच्या बाबतीत एखाद्याला उत्साही म्हणणे ही निंदा मानली जाई. ‘अंगात येणे’ आणि ‘झपाटणे’ यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे मूळ एकदा कळले की तो शब्द विसरणार नाही. अ‍ॅपमध्ये व्युत्पत्तीसाठी जागा ठेवलेली आहे, पण बहुतेक कार्डांवर ती रिकामी आहे.

अर्थ कळला तरी वाक्य चुकते, ते पुढच्या अव्ययामुळे. या बाबतीत हा विभाग चांगला आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. प्रत्येक विशेषणानंतर काय येते हे कार्डावर ठळक अक्षरांत दिलेले आहे. ‘डिटर्मिन्ड’नंतर ‘टू’ आणि मूळ क्रियापद येते, म्हणजे ‘डिटर्मिन्ड टू इम्प्रूव्ह’. ‘कमिटेड’ आणि ‘डेडिकेटेड’ यांच्यानंतरही ‘टू’ येतो, पण तो वेगळा ‘टू’ आहे आणि त्याच्यापुढे ‘इम्प्रूव्हिंग’ हवे. दोन्ही ‘टू’ दिसायला सारखे असल्यामुळे वर्षानुवर्षे इंग्रजी लिहिणारेही येथे अडखळतात. ‘इंटेंट’नंतर ‘ऑन’, ‘पॅशनेट’नंतर ‘अबाउट’, ‘ऑब्सेस्ड’नंतर ‘विथ’ येतो. ‘कीन’च्या बाबतीत नाम असेल तर ‘ऑन’, आणि पुढची इच्छा सांगायची असेल तर ‘टू’. ‘ड्रिव्हन’ आणि ‘मोटिव्हेटेड’ यांना ज्याने ढकलले ते सांगण्यासाठी ‘बाय’ लागतो. हा भाग पाठ करून घेण्याची अ‍ॅपची रीत साधी आहे : चुकलेले रूप दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा समोर येते. तीन महिन्यांत माझ्या लिखाणातली ‘कमिटेड टू डू’ ही जुनी चूक गेली, याचे श्रेय मी या अ‍ॅपला देतो.

उच्चारांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘डिटर्मिन्ड’ हा शब्द ‘डिटरमाइन्ड’ नव्हे, आणि ‘झील’ (उत्साह) दीर्घ असला तरी ‘झेलस’ ऱ्हस्व आहे, हे ध्वनिमुद्रणातून नीट कळते. ‘डॉगिड’ या विशेषणाचा उच्चार मात्र ‘डॉग्ड’ असा एकाक्षरी ऐकवला आहे, तो क्रियापदाच्या भूतकाळाचा आहे. विशेषणात दोन अक्षरे ऐकू यायला हवीत.

हेतूंच्या शब्दांकडे वळल्यावर मात्र विभाग कमकुवत होतो, आणि खरे तर येथेच शिकणाऱ्याला आधाराची सर्वांत जास्त गरज असते. ‘अल्टीरिअर’चे कार्ड घ्या. हा शब्द नामाच्या आधीच येतो, आणि ते नाम बहुधा ‘मोटिव्ह’ असते. ‘हिज मोटिव्ह वॉज अल्टीरिअर’ असे कोणी म्हणत नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आणखी पलीकडचा’ असा होता, म्हणजे दिसणाऱ्या हेतूच्या पलीकडचा दुसरा हेतू, ज्याला आपण ‘अंतस्थ हेतू’ म्हणतो. अ‍ॅपच्या चाचणीत हा शब्द वाक्याच्या शेवटी भरायला दिला आहे. ज्या साधनाने अव्ययांची एवढी काळजी घेतली त्याने विशेषणाच्या जागेची काळजी घेऊ नये, याचे वाईट वाटते.

‘डिसिंट्रेस्टेड’ हा शब्द माझ्या दृष्टीने या संपूर्ण विभागाची कसोटी होता. त्याचा अर्थ ‘रस नसलेला’ असा नसून ‘स्वतःचा हितसंबंध नसलेला’ असा आहे. न्यायाधीश ‘डिसिंट्रेस्टेड’ असावा, पण ‘अनइंट्रेस्टेड’ असू नये. येथे ‘इंट्रेस्ट’ म्हणजे आवड नव्हे, गुंतलेले हित होय. गंमत अशी की सतराव्या शतकात या दोन शब्दांचे अर्थ जवळजवळ उलटे होते, आणि आजही अनेक इंग्रजीभाषक पहिला शब्द ‘उदासीन’ या अर्थाने सर्रास वापरतात. त्यामुळे वाचताना दोन्ही शक्यता मनात ठेवाव्यात आणि लिहिताना संशय येणार असेल तर ‘इम्पार्शल’ (निःपक्षपाती) वापरावा, एवढा सल्ला शिकणाऱ्याला पुरेसा असतो. कार्डावर ‘निःस्वार्थी’ असा अर्थ आहे. तो अगदीच चूक नाही, पण निःस्वार्थी माणूस दुसऱ्यासाठी झिजतो, तर ‘डिसिंट्रेस्टेड’ माणूस फक्त कोणाच्याच बाजूने नसतो. झिजणाऱ्यासाठी ‘सेल्फलेस’ किंवा ‘आल्ट्रुइस्टिक’ आहे. हा दुसरा शब्द ज्या नामापासून आला ते ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात घडवले, आणि त्यामुळे त्याला आजही थोडा शास्त्रीय वास येतो. शेजारणीने आजारपणात मदत केली तर तिला ‘आल्ट्रुइस्टिक’ म्हणू नये, ‘काइंड’ म्हणावे.

‘वेल-मीनिंग’चे कार्ड हिरवे आहे, अर्थ ‘सद्‌हेतूचा’ असा आहे, आणि येथे पट्टीनेही दगा दिला आहे. ‘वेल-मीनिंग’ किंवा ‘वेल-इंटेन्शन्ड’ हे शब्द आले की पुढे बहुधा ‘बट’ येतो. हेतू चांगला होता, पण काम बिघडले, असा त्यांचा रोख असतो. शिफारसपत्रात एखाद्याला ‘वेल-मीनिंग एम्प्लॉयी’ म्हटले तर वाचणारा लगेच विचारील की मग चुकले काय. मराठीतही ‘त्याचा हेतू वाईट नव्हता’ हे वाक्य आपण कोणाची बाजू सावरतानाच वापरतो, त्यामुळे ही छटा समजावणे मुळीच अवघड नव्हते.

‘कंपल्सिव्ह’, ‘कंपल्सरी’ आणि ‘कंपेलिंग’ या तीन भावंडांना अ‍ॅपने एका पडद्यावर आणले आहे, ते उत्तम केले आहे. तिघांच्या मुळाशी ‘ढकलणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ढकलणारी शक्ती माणसाच्या आत असून तिच्यावर त्याचा ताबा नसेल तर ‘कंपल्सिव्ह’, ती बाहेरच्या नियमाची असेल तर ‘कंपल्सरी’, आणि ती युक्तिवादाच्या किंवा कथेच्या बळाची असेल तर ‘कंपेलिंग’. हे स्पष्टीकरण वाचल्यावर तिन्ही शब्द आपापल्या जागी कायमचे बसतात. बाकीच्या विभागालाही हीच रीत लावली असती तर मला इतक्या तक्रारी कराव्या लागल्या नसत्या.

चाचण्यांचे स्वरूप मुळातून बदलायला हवे. रिकाम्या जागेसाठी चार पर्याय आणि त्यातला एकच बरोबर, ही पद्धत अव्ययांसाठी चालते, विशेषणांसाठी चालत नाही. ‘शी वॉज ____ टू लर्न’ या चौकटीत ‘ईगर’, ‘कीन’, ‘अँक्शस’ आणि ‘डिटर्मिन्ड’ हे चारही शब्द व्याकरणाने बसतात. ‘ईगर’मध्ये उत्सुकता आणि थोडी अधीरता आहे, ‘कीन’मध्ये साधी आवड आहे आणि तो ब्रिटिश इंग्रजीत अधिक रुळलेला आहे, ‘अँक्शस’मध्ये न जमले तर काय ही धास्ती आहे, आणि ‘डिटर्मिन्ड’मध्ये अडथळे गृहीत धरलेले आहेत. मागचे-पुढचे वाक्य दिल्याशिवाय यातला कोणता बरोबर हे सांगणे अशक्य आहे. अ‍ॅप मात्र ‘ईगर’ सोडून तिन्हींना चूक ठरवते आणि कारण देत नाही.

तुलनेसाठी मी प्रत्येक शंकास्पद कार्ड शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत पडताळून पाहिले. या कोशांची परंपराच शब्द कसा वापरायचा हे सांगण्यासाठी सुरू झाली. ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ मध्ये जपानमध्ये प्रथम निघाला तेव्हापासून शब्दापुढची वाक्यरचना दाखवण्यावर त्यात भर होता. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा मोठा साठा संगणकावर तपासला आणि व्याख्याही पूर्ण वाक्यात दिल्या. अशाच साठ्यांवर काम करताना भाषेचे अभ्यासक बिल लौ यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की काही शब्दांच्या आसपास नेहमी वाईटच गोष्टी गोळा होतात. त्यांच्या उदाहरणांत ‘बेंट ऑन’, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या हट्टाला पेटलेला, हा होता. कोणी विनाशावर, सूडावर ‘बेंट’ असतो, अभ्यासावर किंवा सेवेवर क्वचित, आणि तसे लिहिले तर वाचणाऱ्याला त्यात उपरोध ऐकू येतो. अ‍ॅपमध्ये ‘बेंट ऑन’ची पट्टी करडी आहे आणि उदाहरणवाक्यात एक मुलगा डॉक्टर होण्यावर ‘बेंट’ आहे.

असे असूनही मी वर्गणी आणखी तीन महिन्यांसाठी वाढवली आहे, कारण कोश शंका आली तरच उघडला जातो, आणि शंका न येता होणाऱ्या चुका हे अ‍ॅप रोज पाच मिनिटे समोर आणून बसवते. ज्यांचे इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे आणि लिहिताना शब्द अडतो, त्यांना मी हा विभाग सुचवीन. नवशिक्याला सुचवणार नाही, कारण तो मराठी अर्थावरच विसंबणार. सेटिंगमध्ये मराठी अर्थ झाकून फक्त इंग्रजी व्याख्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो मी पहिल्या महिन्यानंतर सुरू केला आणि तेव्हापासून कार्डे अधिक उपयोगी वाटू लागली. ‘स्टबर्न’, ‘कॅल्क्युलेटिंग’ आणि ‘अल्टीरिअर’ या तीन कार्डांच्या दुरुस्त्या मी निर्मात्यांना सविस्तर लिहून पाठवल्या आहेत. ‘स्टबर्न’समोर आता ‘हट्टी’ दिसते, उरलेली दोन अजून तशीच आहेत.